‘इनसाइड डीप थ्रोट’: चित्रपटाचा इतिहास आणि लिंडाची साक्ष

१९७२ साली न्यूयॉर्कमधल्या एका चित्रपटगृहात लागलेल्या, जेमतेम तासाभराच्या ‘डीप थ्रोट’ या लैंगिक चित्रपटापायी अमेरिकेतली न्यायालये, वर्तमानपत्रे, गुन्हेगारी टोळ्या आणि स्त्री चळवळ अशी सगळीच पुढे अनेक वर्षे एकमेकांशी कशी झुंजत राहिली, याची हकिकत ‘इनसाइड डीप थ्रोट’ हा माहितीपट सांगतो. फेंटन बेली आणि रँडी बार्बाटो यांनी दिग्दर्शित केलेला, ब्रायन ग्रेझर यांच्यासारख्या मातब्बर निर्मात्याचे पाठबळ लाभलेला आणि नट डेनिस हॉपर यांच्या आवाजातले निवेदन असलेला हा सुमारे दीड तासाचा माहितीपट २००५च्या जानेवारीत सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारीत युनिव्हर्सल या कंपनीने तो चित्रपटगृहांत आणला. मी तो दोनदा पाहिला आहे. पहिल्यांदा पाहताना त्याच्या वेगाने आणि माहितीच्या ऐवजाने मी भारावून गेलो होतो. दुसऱ्यांदा मात्र जिच्यामुळे तो मूळ चित्रपट ओळखला गेला, त्या नायिकेच्या, लिंडा लव्हलेसच्या, वाट्याला या दीड तासात काय आले, एवढेच मी शोधत राहिलो. माहितीपटाची मोठी बाजू आणि त्याची मोठी उणीव ही दोन्ही मला त्या शोधातच सापडली, म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने लिहीत आहे.

मूळ चित्रपटाची जन्मकथा माहितीपटात फार चांगली उभी राहिली आहे. दिग्दर्शक जेरार्ड डॅमियानो हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात केशभूषाकाराचा व्यवसाय करणारा माणूस होता. गिऱ्हाइकांशी बोलताना लोकांच्या वैवाहिक आयुष्यातली घुसमट आपल्याला कळत गेली आणि त्यातून आपण या चित्रपटांकडे वळलो, अशी त्याची भूमिका होती. सुमारे २५,००० डॉलरच्या खर्चात, फ्लोरिडात अवघ्या सहाएक दिवसांत चित्रीकरण उरकले गेले. पैसा लुई पेरेनो याच्याकडून, म्हणजे खरे तर त्याच्या वडिलांकडून आला होता आणि पेरेनो कुटुंबाचा संबंध न्यूयॉर्कमधील कोलंबो या माफिया टोळीशी होता. कथा म्हणजे एक थट्टेखोर कल्पना होती: एका तरुणीला शरीरसंबंधात सुख मिळत नाही, ती डॉक्टरकडे जाते आणि तिच्या सुखाचे केंद्र भलत्याच ठिकाणी, घशात असल्याचा शोध तो डॉक्टर लावतो. मूळच्या लिंडा बोरमनला ‘लव्हलेस’ हे नाव डॅमियानोने दिले. डॉक्टरची भूमिका करणारा हॅरी रीम्स, मूळ नाव हर्बर्ट स्ट्रायकर, हा प्रकाशयोजनेच्या कामासाठी म्हणून आला होता आणि ऐनवेळी नट झाला. म्हाताऱ्या डॅमियानोला कॅमेऱ्यासमोर बोलताना पाहणे हा या माहितीपटातला एक हृद्य भाग आहे. आपली कलाकृती थोर होती असा दावा तो करत नाही. तिच्यातून पुढे काहीतरी घडायला हवे होते, लैंगिक चित्रपट आणि नेहमीचा चित्रपट यांच्यातली भिंत पडायला हवी होती आणि तसे काही झाले नाही, याची हुरहुर मात्र त्याच्या बोलण्यात जाणवते. हा माणूस तीन वर्षांनी, २००८ साली वारला. माहितीपट वेळेत झाला, ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे.

त्यानंतर येतो तो काळाचा पट. १९७२च्या जूनमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळच्या न्यू वर्ल्ड थिएटरात चित्रपट लागला आणि काही महिन्यांत तिथे बायकोला घेऊन येणारे मध्यमवर्गीय, वकील, लेखक, दूरदर्शनवरचे प्रसिद्ध चेहरे अशा सगळ्यांची रांग लागू लागली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकाने जानेवारी १९७३ मध्ये या लाटेला ‘पोर्नो शीक’, म्हणजे फॅशन झालेली पोर्नोग्राफी, असे नाव दिले. तोवर चोरून, मान खाली घालून पाहिली जाणारी गोष्ट आता मेजवानीत चर्चा करण्याजोगी झाली होती. याच सुमारास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नैतिकतेची मोहीम उघडली होती. त्यांच्या आधीच्या जॉन्सन सरकारने नेमलेल्या आयोगाने १९७० साली प्रौढांसाठीच्या अशा साहित्यावरचे निर्बंध उठवावेत अशी शिफारस केली होती आणि निक्सन यांनी ती धुडकावली होती. न्यूयॉर्कचे न्यायाधीश जोएल टायलर यांनी मार्च १९७३ मध्ये चित्रपट अश्लील ठरवला. त्यांच्या निकालपत्रात सडलेल्या मांसाच्या मेजवानीची उपमा आहे, सोडोम आणि गमोरा या बायबलमधल्या पापी नगरांचे दाखले आहेत. त्यावर थिएटरवाल्यांनी दर्शनी पाटीवर न्यायाधीशांनी ‘थ्रोट’ कापल्याचे आणि जग शोक करत असल्याचे लिहिले. हे सगळे माहितीपट जुन्या चित्रफिती, बातमीपत्रांची कात्रणे आणि त्या काळचे संगीत यांची सरमिसळ करून अतिशय सफाईने दाखवतो. संकलनाचा वेग इतका आहे की त्या दिवसांतली उतावीळ हवा आपल्याही अंगाला लागते.

चित्रपटाचे नाव वॉटरगेट प्रकरणाला कसे चिकटले, हा उल्लेख इथे टाळता येणार नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे व्यवस्थापकीय संपादक हॉवर्ड सायमन्स यांनी, हे प्रकरण उघडकीला आणणारे त्यांचे बातमीदार बॉब वुडवर्ड यांच्या गुप्त माहीतगाराला या चित्रपटाचेच नाव दिले आणि जगभरच्या वाचकांना ते शब्द निक्सन यांच्या राजीनाम्याशी जोडलेले म्हणून आधी माहीत झाले. माहितीपट प्रदर्शित झाल्यावर साडेतीन महिन्यांनी, ३१ मे २००५ रोजी, तो माहीतगार म्हणजे एफबीआयचे माजी अधिकारी मार्क फेल्ट होते हे उघड झाले.

हॅरी रीम्सवरचा खटला हा माहितीपटाचा सर्वांत भक्कम भाग आहे. जून १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या निकालात अश्लीलता ठरवण्यासाठी स्थानिक समाजाची मापे लावण्याची मुभा दिली. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये जे चालून गेले असते, ते टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये गुन्हा ठरू शकत होते. लॅरी पॅरिश या सरकारी वकिलाने नेमके हेच केले. या चित्रपटाच्या राज्याराज्यांतील वितरणाच्या कटात सामील असल्याचा आरोप रीम्सवर ठेवला गेला. त्याला कामाचे अडीचशे डॉलर मिळाले होते, वितरणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरी १९७६ साली ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर आली. केवळ पडद्यावर काम केले म्हणून नटाला असे गुन्हेगार ठरवले जाणे ही अमेरिकेतही अभूतपूर्व गोष्ट होती. प्रसिद्ध वकील ॲलन डर्शोविट्झ यांनी अपिलाचे काम हाती घेतले, जॅक निकल्सन आणि वॉरन बीटी यांच्यासारखे नट पाठीशी उभे राहिले आणि रीम्सचे काम ‘मिलर’ निकालाच्या आधीचे असल्याच्या मुद्द्यावर १९७७ साली त्याला दोषी ठरवणारा निर्णय रद्द झाला, पुढे खटलाही सोडून दिला गेला. पण माणूस आतून मोडला होता. अनेक वर्षे दारूत गेली. पुढे तो सावरला, धर्माकडे वळला आणि युटा राज्यातल्या पार्क सिटीत घरे-जमिनी विकण्याच्या व्यवसायात स्थिरावला. त्याच्या मुलाखतीत कटुता जवळपास नाही आणि म्हणूनच ती ऐकताना अधिक वाईट वाटते. पॅरिश यांनाही बोलू दिले आहे, ते आपल्या भूमिकेवर ठाम आहेत आणि दिग्दर्शकांनी त्यांची टर उडवलेली नाही, याची नोंद केली पाहिजे.

पैशाच्या बाबतीत मात्र माहितीपटाने जी सावधगिरी बाळगायला हवी होती, ती बाळगलेली नाही. या चित्रपटाने ६० कोटी डॉलर मिळवले आणि तो चित्रपटांच्या इतिहासातला सर्वांत किफायतशीर चित्रपट आहे, हा दावा माहितीपट पुढे करतो आणि जाहिरातीतही तो वापरला गेला. न्यू वर्ल्डमध्ये तिकीट पाच डॉलरचे होते, आणि ते त्या काळच्या मानाने फार महाग होते. तोच दर सगळीकडे धरला तरी ६० कोटी डॉलरसाठी १२ कोटी तिकिटे विकली जायला हवीत. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या, मुलेबाळे धरून, २१ कोटींच्या आसपास होती आणि चित्रपट कित्येक ठिकाणी बंद पाडला गेला होता. मूळ वसुली रोखीत होत असे, टोळीची माणसे थिएटराच्या दारात उभी राहून प्रेक्षक मोजत आणि बॅगा भरून नेत. ज्या धंद्यात काळा पैसा पांढरा करायचा असतो तिथे फुगवलेला आकडाही सोयीचा असतो, हे लक्षात घेतले तर या संख्येकडे संशयानेच पाहावे लागते. या वसुलीच्या आठवणी सांगणारा फ्लोरिडातला एक निवृत्त थिएटरचालक माहितीपटात आहे. तो बोलत असताना त्याची बायको मागून त्याला सतत अडवत राहते, हे सगळे सांगू नकोस म्हणून बजावत राहते. तीस वर्षांनंतरही त्या बाईच्या आवाजात जी भीती आहे, तिने टोळीबद्दल जे कळते ते कुठल्याही निवेदनाने कळले नसते. डॅमियानोलाही आपला नफ्यातला वाटा पेरेनोला अवघ्या २५,००० डॉलरला देऊन टाकावा लागला होता, आणि त्याने तो का दिला हे त्या बाईला ऐकल्यावर वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

आता लिंडाविषयी. ती १९४९ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मली. मोटार अपघातात जबर जखमी होऊन फ्लोरिडात आई-वडिलांकडे बरी होत असताना तिची चक ट्रेनर या माणसाशी गाठ पडली आणि १९७१ साली तिचे त्याच्याशी लग्न झाले. तिला अशा चित्रपटांत आणणारा तोच. चित्रपटाच्या कामाचे १,२५० डॉलर तिला मिळाले असे सांगितले जाते आणि तेही ट्रेनरनेच ठेवून घेतल्याचे ती सांगत असे. चित्रपट गाजल्यावर ती हसतमुखाने मुलाखती देत राहिली, आपल्याला हे सगळे मनापासून आवडते असे सांगणारी आत्मकथनेही तिच्या नावावर निघाली. मग १९८० साली ‘ऑर्डील’ हे आत्मचरित्र आले आणि त्यात तिने सगळेच उलटे सांगितले: ट्रेनर मारहाण करत असे, बंदुकीचा धाक दाखवून त्याने आपल्याकडून हे करवून घेतले, ती आधीची पुस्तकेही खोटी होती. प्रकाशकाने पुस्तक छापण्याआधी तिला खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीला बसवले होते. १९८३ साली मिनियापोलिस शहरातल्या पोर्नोग्राफीविषयीच्या सुनावणीत आणि १९८६ साली याच विषयावर रेगन सरकारने नेमलेल्या मीझ आयोगासमोर तिने साक्ष दिली. हा चित्रपट पाहणारा माणूस माझ्यावर होणारा बलात्कार पाहत असतो, असे तिने आयोगाला सांगितले.

चित्रीकरणाच्या जागी बंदूक नव्हती असे तिच्या काही सहकाऱ्यांनी म्हटले, मात्र ट्रेनर तिच्याशी क्रूरपणे वागत असे हे त्यांच्यातल्याही काहींनी मान्य केले. उतारवयात पैशांची गरज पडल्यावर तिने पुन्हा एका मासिकासाठी छायाचित्रे काढू दिली, याचा दाखला देऊन तिची साक्ष खोटी ठरवणारेही आहेत. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. यकृताच्या आजाराने पोखरलेली, १९८७ साली यकृतारोपण झालेली, संसार मोडलेली बाई पन्नाशीनंतर स्वतःच्या मर्जीने छायाचित्रे काढू देते, यावरून विशीत तिच्यावर बळजबरी झाली नव्हती असे कसे सिद्ध होते? एप्रिल २००२ मध्ये मोटार अपघातानंतर डेन्व्हरमध्ये तिचे निधन झाले. ट्रेनरही त्याच वर्षी जुलैमध्ये वारला. त्यामुळे माहितीपटात लिंडा फक्त जुन्या चित्रफितींतून भेटते. तिच्या बाजूने आज बोलणारे माणूस म्हणजे तिची बहीण. ट्रेनरबद्दल बोलताना त्या बहिणीच्या चेहऱ्यावर जो राग दिसतो, तो या माहितीपटातला मला सर्वांत खरा वाटलेला क्षण आहे.

अडचण अशी की माहितीपटाने आपली चौकट आधीच ठरवून घेतली आहे. एका बाजूला मोकळेपणा मागणारे कलावंत आणि प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला न्यायाधीश, सरकारी वकील आणि निक्सन, अशी ती मांडणी आहे. लेखक नॉर्मन मेलर, गोर विडाल आणि एरिका जाँग, ‘प्लेबॉय’ मासिकाचे ह्यू हेफ्नर, दिग्दर्शक जॉन वॉटर्स, समीक्षक कमिल पालिया अशी बोलकी माणसे एकामागून एक येतात आणि त्या काळाविषयी रंगून बोलतात. त्यांच्यातले मेलर यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण गुन्हा आणि कला यांच्या मधल्या प्रदेशात हे चित्रपट जगत होते, असे ते नेमके निरीक्षण मांडतात. पण या चौकटीत लिंडाची साक्ष कुठेच बसत नाही. ती सेन्सॉरच्या बाजूची नव्हती आणि मोकळेपणाच्या या उत्सवात सामील होणेही तिला शक्य नव्हते. म्हणून तिचे म्हणणे एका प्रकरणापुरते येते, त्यावर दोन-चार उलटसुलट मते येतात आणि माहितीपट पुन्हा आपल्या वाटेला लागतो. स्त्री चळवळीचा भागही असाच घाईत उरकला आहे. पोर्नोग्राफीविरोधी स्त्रियांची आणि धार्मिक उजव्यांची एका प्रश्नावर झालेली विचित्र युती हा स्वतंत्र दीड तासाचा विषय होता.

मला या साऱ्या खटल्यांच्या इतिहासात जी गोष्ट सर्वांत धक्कादायक वाटते, तिच्यापाशी माहितीपट पोहोचतच नाही. या चित्रपटावर न्यूयॉर्कमध्ये खटला झाला, मेम्फिसमध्ये झाला, पोलिसांनी ठिकठिकाणी रिळे जप्त केली, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, निकालपत्रांची पाने भरली; आणि या सगळ्यात पडद्यावर दिसणारी बाई हे स्वखुशीने करत होती का, हा प्रश्न कुणीही खटल्याचा प्रश्न केला नाही. चित्र पाहून समाज बिघडतो का, एवढाच वादाचा विषय होता. मेम्फिसमध्ये लिंडाला आणि डॅमियानोला साक्षीच्या बदल्यात खटल्यातून मोकळे सोडण्यात आले, म्हणजे सरकारी यंत्रणा तिच्याशी बोलली होती. पण अश्लीलतेची साक्षीदार म्हणूनच. तिला मारहाण करणारा तिचा नवरा होता, आणि १९७२ साली अमेरिकेतल्या एकाही राज्यात नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हा नव्हता. (आपल्याकडे भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद आजतागायत कायम आहे.) ज्या नटाने कुणाला इजा केली नव्हती त्याला तुरुंगात पाठवायला कायदा सरसावला होता, आणि जिला इजा झाली होती तिच्यासाठी त्या कायद्यात जागाच नव्हती. रीम्सचा खटला इतक्या आत्मीयतेने सांगणाऱ्या दिग्दर्शकांना ही दोन चित्रे शेजारी ठेवावीशी वाटली नाहीत, याचे मला वाईट वाटते. कारण ती शेजारी ठेवली असती तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची त्यांची बाजू जराही लंगडी पडली नसती. आपल्याकडे श्लील-अश्लीलतेची चर्चा होते तेव्हाही ती लेखक विरुद्ध सरकार किंवा कलावंत विरुद्ध सेन्सॉर अशीच होते, आणि ज्या देहाचे चित्र काढले गेले त्या देहाच्या मालकिणीला विचारायचे राहून जाते, म्हणून हा मुद्दा मला जवळचा वाटतो.

याच कारणाने माहितीपटातल्या एका निर्णयाबद्दल माझी स्पष्ट नापसंती आहे. मूळ चित्रपटातले एक उघड लैंगिक दृश्य त्यात दाखवले आहे आणि त्यामुळेच त्याला अमेरिकेत ‘एनसी-१७’ हे केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. दिग्दर्शकांची बाजू समजण्यासारखी आहे: ज्या गोष्टीवरून एवढे रण माजले, ती न दाखवता तिच्याविषयी दीड तास बोलणे हेही एक प्रकारचे सेन्सॉर ठरते. पण हे दृश्य पाहणे म्हणजे माझ्यावरचा बलात्कार पाहणे, असे जिने आयोगासमोर सांगितले, तिचे म्हणणे आणि तेच दृश्य एकाच माहितीपटात ठेवताना दोघांचा परस्परांशी काय संबंध आहे, याविषयी निवेदनाने निदान एक वाक्य तरी उच्चारायला हवे होते. लिंडा तेव्हा हयात नव्हती, तिची परवानगी घेणे शक्य नव्हते. दृश्य न दाखवताही माहितीपटाचे काहीच अडले नसते, असे दोनदा पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

एवढे असूनही मी हा माहितीपट पाहू नका असे म्हणणार नाही. चित्रपटाचा, प्रसारमाध्यमांचा किंवा कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रौढ वाचकांनी तो अवश्य पाहावा. डॅमियानो, रीम्स, पॅरिश आणि तो घाबरलेला थिएटरचालक यांच्या मुलाखती इतरत्र इतक्या एकवटून मिळणार नाहीत. घरात सर्वांसोबत बसून पाहण्याची ही गोष्ट नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळतेच. ज्यांना शक्य असेल त्यांनी माहितीपटाच्या आधी ‘ऑर्डील’ वाचावे असे मी सुचवीन. मी ते नंतर वाचले. त्यामुळे पहिल्या खेपेस जुन्या मुलाखतींमधली लिंडा मला नुसतीच हसरी, थोडी बुजरी मुलगी वाटली होती. पुस्तक वाचून पुन्हा पाहिल्यावर माझे लक्ष मुलाखतकाराच्या प्रश्नांकडे कमी आणि उत्तर देण्याआधी ती कुठे पाहते आहे, याकडेच अधिक राहिले.